बिनतुपाचा उन्हाळा

आमच्या घरात तूप वाढत नसत, ओतत असत. आई पितळेची तपेली घेऊन पंगतीत फिरायची आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, आपल्या पाटावरून तिच्या हाताकडं डोळ्यांत तेल घालून बघत बसायचे. धार जरा बारीक झाली की लगेच, "हात आखडू नको." पाहुणा असो, शेजारचं पोर असो, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस जेवायच्या वेळेला सापडलेला असो, तपेली सगळ्यांच्या ताटावर सारखीच कलंडली पाहिजे. कुणाचं ताट चुकलं तर अप्पा आपला घास हातात धरून थांबायचे. रागवायचे नाहीत. नुसते थांबायचे, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

ह्याचं कारण आम्हां दोघी बहिणींना ठाऊक होतं. अप्पांनी ते एकदाच सांगितलं होतं आणि तेवढं पुरलं होतं. खेड्यातून धारवाडला शिकायला आले तेव्हा ते वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सगळे वार लोकांच्या घरी. लोक वाईट नव्हते, पोटभर घालायचे. पण एका घरी तपेली घरातल्या मुलांच्या ताटांवर वाकायची, अप्पांच्या ताटापाशी आली की सरळ व्हायची आणि पुढच्या ताटावर परत वाकायची. "त्या बाईंना वाटायचं, मला कळत नाही," अप्पा म्हणाले होते. "मी खाली मान घालून भात कालवत असायचो. पण मान खाली घातली तरी तपेलीची सावली ताटात पडतेच की." एका पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं, ह्याला आपल्याकडं पंक्तिप्रपंच म्हणतात आणि ते पाप मानतात. अप्पा देवाधर्माचे फारसे नव्हते, पण हे एक पाप त्यांच्या घरात होणार नव्हतं.

घर रायापूरला, हुबळी-धारवाड रस्त्याच्या जवळ. अप्पा धारवाडच्या कचेरीत नोकरीला. मी कॉलेज संपवून हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. आई घरात. थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणते, लग्न होऊन सांगलीकडं गेलेली. तशी घरात माणसं तीनच, आणि त्यातही पाटावर बसणारी दोन. आई आम्हांला वाढून मागाहून जेवायची. "बस गं बरोबर," म्हणून अप्पांनी कितीदा सांगितलं असेल, पण ती ऐकायची नाही. तिला म्हणे बसलं की वाढता येत नाही आणि वाढल्याशिवाय जेवण जात नाही. आता ह्यावर काय बोलायचं?

अप्पांचा जीव उन्हाळ्यात. थंडीवाऱ्यात ते नुसते जगायचे, पाडव्यापासून पुढं खऱ्या अर्थानं जेवायला लागायचे. पाडव्याचं श्रीखंड, रामनवमीचं पन्हं आणि कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, मग कुरडया, सांडगे, ताकातल्या तळलेल्या मिरच्या. संध्याकाळी गिरमिट, म्हणजे कांदा-चिंचेच्या मसाल्यात कालवलेले चुरमुरे, वर डाळ्याचं पीठ आणि शेजारी मिरचीभजी. आणि अक्षयतृतीयेला पितरांना आंबा दाखवला की तिथून पुढं आमरस, त्यावर साखर, त्यावर तूप. आमरसात तूप असावं की तुपात आमरस, ह्यावर अप्पांचं मत पक्कं होतं.

आणि मग नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका संक्रांतीनंतर त्यांच्या छातीत कळ आली.

हुबळीच्या दवाखान्यात आठवडाभर काढून घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, तूप बंद, तळलेलं बंद, मीठ कमी, साखरही काठावर आहे तेव्हा गोडही बेतानंच. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आंबा?" डॉक्टर म्हणाले, "लहान वाटीभर, कधीतरी. साखर नाही, तूप तर नाहीच. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकेन असं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी अप्पांकडं बघून नाही, आईकडं बघून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईनं अप्पांना पथ्याचं वाढलं. बिनफोडणीचं वरण, कोरडी भाकरी, मिठाशिवायची भाजी. मला नेहमीचं, तुपासकट. अप्पांनी माझ्या ताटाकडं बघितलं, आपल्या ताटाकडं बघितलं, आणि घास हातात धरून थांबले. मग तो परत ताटात ठेवून म्हणाले, "मला भूक नाही."

रात्रीही तेच. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, ही म्हण लोक हौसेनं म्हणतात. आमच्याकडं ती खरीच होऊन बसली. मी आपली शिकल्यासवरल्याचा आव आणून म्हणाले, "अप्पा, हे औषध समजा ना."

"औषध असेल तर औषधाच्या वेळी द्या," ते म्हणाले. "जेवायच्या वेळी का देता?"

मला राग आला होता, त्यांचा आणि थोडा त्या कुठल्या कोण बाईचा, जिनं इतक्या वर्षांपूर्वी एका पोराच्या ताटात चमचाभर तूप घातलं नव्हतं. सकाळी उठून बघते तर तपेली कट्ट्यावर नाही. तांदळाच्या डब्यामागं, वरच्या फळीवर गेलेली. दोन ताटं शेजारी शेजारी मांडलेली आणि दोन्हीत अगदी सारखं. माझीही भाकरी कोरडी, माझंही वरण बिनतुपाचं.

"म्हणजे दुखणं अप्पांना आणि पथ्य मला," मी म्हणाले.

"तुला काही वाईट नाही होत. स्वतःकडं बघितलंस का आरशात?" आई म्हणाली. मग अप्पांकडं न बघता, "ह्या घरात सगळ्यांचं एकच. जेवा."

अप्पा जेवले. नैवेद्यावर तुपाचा थेंब पडला होता, अन्नशुद्धी तेवढ्यावर झाली असं आईनं जाहीर केलं. देवानंही ऐकून घेतलं असावं, तिच्यापुढं त्याचं तरी काय चालणार होतं.

पण नुसतं कोरडं खाऊन माणूस जगतो, रमत नाही, हे आईला कळत होतं. मार्च लागला तसा तिच्या डोक्यात एकच विचार घोळायला लागला, ह्यांचा उन्हाळा कसा करायचा. त्या दिवसांत अशा पाककृती सांगणारं आमच्या आसपास कुणी नव्हतं. ती आपल्या मनानंच करायची आणि मी आणि अप्पा तिच्या प्रयोगाचे उंदीर.

श्रीखंडासाठी तिनं दुधाची साय दोनदा काढली, त्याचं दही लावलं, रात्रभर टांगलं. चक्का झाला तो खडूसारखा. साखरेऐवजी त्यात खजूर वाटून घातला तर रंग असा आला की अप्पा वाटी उजेडात नेऊन बघायला लागले. "भिंत लिंपायला घेतलीस का काय?" ते म्हणाले. पण खाल्लं, आणि मीही खाल्लं, कारण पंगत एक होती. पुढच्या वेळी तिनं केशर आणि वेलची सढळ घातली, खजुराचं प्रमाण निम्म्यावर आणलं, आणि खरं सांगते, ते श्रीखंड मला आज कुणी दिलं तर मी बाजारचं बाजूला सारून ते खाईन. पन्ह्यात गूळ कमी करून तिनं कैरी उकडण्याऐवजी निखाऱ्यावर भाजली. कैरी भाजली की तिचा आंबटपणा मऊ होतो, गूळ फार मागत नाही. दुपारी ज्वारीची आंबील, ताकात ढवळलेली, वर लसूण आणि कोथिंबीर. अप्पा आधी म्हणाले, ही आजाऱ्याची पेज आहे. मग रोज विचारायला लागले, आंबील केली का.

कुरडईनं मात्र तिचा अंत बघितला. पापड भाजता येतो, कुरडई तळल्याशिवाय फुलत नाही, हे पोरालाही माहीत आहे. आई एके दिवशी पिशवीत कुरडया घालून चुरमुऱ्याच्या भट्टीवर गेली. तिथं कढईतल्या तापल्या वाळूत चुरमुरे फुलतात, तर कुरडई का नाही फुलणार, हा तिचा हिशोब. भट्टीवाला म्हणाला, "ब्याडा री, हाळ आगताव," म्हणजे नका बाई, वाया जातील. ही काय ऐकते. निम्म्या कुरडया छान फुलल्या, निम्म्या जळाल्या, आणि फुललेल्यांच्या जाळीत वाळू जाऊन बसली. जेवताना करकर आवाज यायला लागला. अप्पा शांतपणे म्हणाले, "तेलाचा त्रास नाही हे खरं. आता दाताच्या डॉक्टरकडं जाऊ." आई त्या दिवशी हसता हसता रडली. संक्रांतीनंतर ती पहिल्यांदा रडली, आणि ते कुरडईच्या निमित्तानं झालं म्हणून कुणाला विचित्र वाटलं नाही.

माझं सांगायचं तर मी काही संत नव्हते. ऑफिस सुटलं की हुबळीच्या बसथांब्याजवळच्या गाड्यावर मिरचीभजी खायचे आणि मगच धारवाडची बस पकडायचे. घरी येऊन तोंड धुवून साळसूदपणे भाकरी मोडायची. एकदा अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी जवळून गेले तर म्हणाले, "आज भजी ताजी होती वाटतं."

ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं? "हो," म्हणाले.

"पहिल्या घाण्याची?"

"दुसऱ्या."

"दुसराच चांगला. तेल बसलेलं असतं." मग आई आत आहे हे बघून, "मिरचीला आत काय लावलं होतं? ओवा-मीठ का चिंच?" मी शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं, पीठ किती जाड, कांदा वर होता का, कागद किती भिजला. ते डोळे मिटून ऐकत होते. मग दर आठवड्याला एकदा तरी हा कार्यक्रम व्हायला लागला. आईला कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण ऐकण्यानं रक्तदाब वाढत नाही एवढं तिला पटलं असावं.

असं आमचं एक बरं चाललं होतं, तोवर मे महिना आला आणि अक्का यायची वेळ झाली.

अक्काचं सासर मोठं. तीन जावा, त्यात ही धाकटी. खायला-प्यायला कमी नव्हतं, पण मोठ्या घरात धाकट्या सुनेचं जे होतं ते तिचं व्हायचं. ती आंबे पिळायची, रस सगळ्यांना जायचा आणि तिच्या वाट्याला कोय. हे तिनं कधी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, हसत हसत सांगितलं होतं, पण अप्पांना ते लागलं होतं. म्हणून मे महिन्यात ती माहेरी आली की अप्पा आंब्याच्या पेट्या आणायचे, तिच्या ताटात वाटी नाही, वाडगा ठेवायचे, आणि तपेली तिच्या वाडग्यावर आली की आईला म्हणायचे, "थांबू नको. तिचं वर्षाचं आहे ते."

आता आईला घोर लागला. मला ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिला काय वाढू गं मी? तिला नेहमीचं वाढलं तर ह्यांचं ताट वेगळं होतं. हे उठतील, नाहीतर हट्टानं तेच खातील, आणि मग…" तिनं पोळी तव्यावर टाकली. "आणि पथ्याचं वाढलं तर पोरगी वर्षातनं एकदा येते माहेरी. तिथंही कोय आणि इथंही कोयच?"

मी नेहमीसारखी झटक्यात म्हणाले, "ती काही लहान नाही. समजून घेईल." आईनं लाटणं थांबवून माझ्याकडं बघितलं. "समजून घेईल, तेच तर नको आहे," ती म्हणाली. "समजून घ्यायला सासर आहे की."

अक्का आली, लेक कडेवर, पिशव्या हातात. दुपारी पंगत बसली. आईनं शेवटी सगळ्यांना एकच वाढलं. कोरडी पोळी, भाजलेला पापड, आणि आमरस, बिनसाखरेचा, बिनतुपाचा. घाईनं आणलेले आंबे होते, नीट पिकलेही नव्हते. रस आंबूस लागत होता. अक्कानं वाटीकडं बघितलं, तपेलीच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, अप्पांच्या खाली घातलेल्या मानेकडं बघितलं. सगळं तिला क्षणात कळलं. तिनं रस पोळीबरोबर संपवला आणि म्हणाली, "छान झालाय."

तो आवाज आमच्या घरातला नव्हता. आमच्या घरात ती म्हणाली असती, "ई, आंबट आहे, आई साखर टाक." हा आवाज तिनं सांगलीहून आणला होता. अप्पांनी तो ऐकला. त्यांनी घास हातात धरला आणि थांबले. ताटं सगळी सारखी होती, तपेली कुणाला चुकली नव्हती, तरी ते थांबले. मग हात धुवायला उठले.

त्या संध्याकाळी ते मला न सांगता बसनं धारवाडच्या बाजारात गेले आणि रिक्षातून पेटी घेऊन आले. कच्चे, करकरीत आंबे. शेजारच्या गोठ्यातून गवत मागून आणलं. मागच्या खोलीत जमिनीवर गवत पसरून आंब्यांची आढी घातली. वरून परत गवत, त्यावर गोणपाट. आईनं दारातून विचारलं, "हे कुणासाठी?" तर म्हणाले, "डॉक्टरांनी खाऊ नको म्हटलंय, पिकवू नको कुठं म्हटलंय?"

मग रोज सकाळी चहाच्या आधी त्या खोलीत. एकेक आंबा उचलायचा, देठाशी हुंगायचा, उलटा करून परत ठेवायचा. जो पुढं गेला असेल तो कडेला, जो मागं असेल तो मधे. अक्काची लेक त्यांच्या मांडीवर बसून हुंगायची आणि गंभीरपणे मान हलवायची. अक्का परत जायचे दिवस जवळ येत होते आणि अप्पा म्हणत होते, अजून नाही. मी चिडून म्हणाले, "अप्पा, ती गेल्यावर पिकवणार आहात का?"

"घाईनं पिकवलेल्या आंब्याला साखर लागते," ते म्हणाले. "ह्याला लागायला नको."

ती जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आढी मोडली. सगळं घर वासानं भरलं. रस त्यांनी स्वतः काढला, गाळला, चिमूटभर सुंठ घातली, बास. मी चाखून बघितला. साखरेचा एक कण नाही आणि तरी असा गोड की जीभ दातांवर फिरवत राहावं. आईनं पाट मांडले. अक्का, तिची लेक, अप्पा, मी. ताटं सारखी. रसाच्या वाट्या सारख्या लहान, अप्पांना चालेल तेवढ्याच.

आणि मग अप्पा पाटावर बसण्याऐवजी स्वयंपाकघरात गेले. वरच्या फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. परत आले ते हातात तपेली घेऊन. अक्काची लहान वाटी उचलून त्यांनी तिथं तिचा जुना वाडगा ठेवला, रसानं भरला आणि त्यावर तूप सोडलं. हात आखडला नाही. मग नातीला. मग तपेली त्यांच्या स्वतःच्या ताटावर आली, सरळ झाली, तशीच पुढं गेली आणि माझ्या ताटावर वाकली.

अक्काचे डोळे भरून आले. तिनं वाडगा पुढं सरकवला. "अप्पा, मग मलाही नको."

"खा," अप्पा म्हणाले. "तेव्हा दुसऱ्यानं मला वगळलं होतं. आता वाढणारा मीच आहे. त्यात फरक आहे, तो तुला कळेल." मग तपेली आईकडं देऊन म्हणाले, "तूही घे."

"घेते मागाहून," आई म्हणाली आणि तपेली आत घेऊन गेली.

अप्पा बसले आणि आपली लहान वाटी कडा पुसून खाल्ली. अक्का एकदम म्हणाली, "अप्पा, आणखी वाढा," आणि ते असे हसले, असे हसले की संक्रांतीपासून गेलेलं रूप परत आलं. तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही म्हणतात. न खाता येतं ते मी त्या दिवशी बघितलं.

त्यानंतर तपेली अप्पांच्या हातात आली ती कायमची. ते वाढायचे सगळ्यांना, आपलं ताट चुकवायचे, आणि आईला म्हणायचे, "तूही घे." आई म्हणायची, "मागाहून." वर्षांमागून वर्षं गेली. माझं लग्न झालं, पण हुबळीतच, लॅमिंग्टन रोडजवळ, तेव्हा मे महिन्यात मीही पाटावर हजर. रायापूरचा रस्ता रुंद झाला, घरात फ्रीज आला, मिक्सर आला. आईचं भाजक्या कैरीचं पन्हं आसपास इतकं गाजलं की शेजारच्या कानडी बायका बाटल्या घेऊन यायच्या. ज्या श्रीखंडाला अप्पा भिंतीचा गिलावा म्हणाले होते, त्याची फर्माईश आता पाहुणे करायचे, आणि अप्पा त्यांना सांगायचे, "हे आमच्या घराण्याचं आहे." घराणं म्हणजे एक मार्च महिना आणि बिचारा एक खजूर, पण कोण बोलणार?

डॉक्टरांनी धास्ती घातली होती, त्या मानानं अप्पा कितीतरी जास्त जगले. दोन हजार सालानंतरही बरीच वर्षं काढली. गेले ते थंडीत, झोपेत, कुणाला त्रास न देता.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरच्या अक्षयतृतीयेला अक्का सांगलीहून आली. आता तीही केसांना रंग लावायला लागली होती. आईनं पितरांसाठी केळीचं पान मांडलं, आजोबा-पणजोबांच्या बरोबरीनं आता अप्पांचंही. त्यावर पुरणपोळी, भात-वरण, आमरस. आई तपेली घेऊन पानाशी आली. हात पानावर आला, सरळ झाला आणि पुढं निघाला. इतकी वर्षं अप्पांचा हात असाच पुढं जाताना बघितलेला. मग ती थांबली. परत मागं आली आणि पानावर तूप सोडलं. भातावरून वरणात, वरणातून पानाच्या शिरेवरून कडेपर्यंत ओघळ गेला तरी तिनं धार थांबवली नाही.

"आता डॉक्टर काय करणार आहेत?" ती म्हणाली, आणि थोडंसं हसली.

नैवेद्य झाला. आम्ही दोघींनी तिला हाताला धरून पाटावर बसवलं. वाढायला आम्ही दोघी होतो, मग मागाहून जेवायचं कारणच काय. तपेली अक्कानं घेतली. मला वाढलं, स्वतःच्या पानावर घातलं, आणि आईपाशी आली तर आईनं पानावर हात आडवा धरला.

"हात काढ, आई."

"नको गं. सवय नाही राहिली."

"कधीपासून?"

आई पानाकडं बघत म्हणाली, "ह्यांचं बंद झालं तेव्हापासून."

अक्काच्या हातातली तपेली तशीच राहिली. मला ते सगळे मे महिने आठवले, "तूही घे," "घेते मागाहून," आणि आत जाणारी तपेली. मागाहून जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय असतं, हे पाटावरून उठलेल्यांना कसं दिसणार? अप्पांनासुद्धा दिसलं नव्हतं.

"अगं, पण ते तर रोज तुला सांगत होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला, रागानं की कशानं कोण जाणे. "का नाही घेतलंस?"

"पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला एक, असं नको म्हणायचे ना ते," आई म्हणाली. "मग मी एकटीनं मागं बसून कसं घेणार होते?"

आई थोडा वेळ पलीकडं मांडलेल्या पितरांच्या पानाकडं बघत राहिली, तिथं तूप अजून भाताच्या कडेनं ओघळत होतं. मग तिनं आडवा धरलेला हात काढून घेतला.

"वाढ," ती म्हणाली. "आता त्यांच्याही पानात आहे."